रॅम जोडीनं घ्या ताई, ओव्हरक्लॉकचं मग पाहू

वाचक ताईंचं पत्र असं आहे: "दादा, मी दिग्रस तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेंटर चालवते. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स, फोटो सगळं इथेच. कॉम्प्युटर जुना आहे, प्रोसेसर आय५-२४००, बोर्ड एच६१, ग्राफिक कार्ड नाही. त्यात २ जीबीच्या दोन रॅम होत्या. मागच्या महिन्यात अवकाळी आला, लाइन सारखी ये-जा करत होती, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालूच होईना, नुसता बीप बीप. गावातल्या पोराने एक रॅम काढली तर चालू झाला, पण आता २ जीबीवर इतका हँग होते की लोक उठून दुसरीकडे जातात. भाचा पॉलिटेक्निकला आहे, तो म्हणते १८६६ च्या वेगाची गेमिंगवाली रॅम घे मावशी, मी ओव्हरक्लॉक करून देतो, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवून देतो, नव्यासारखा पळेल. कोणती रॅम घेऊ? ओव्हरक्लॉकनं खरंच फरक पडते का? लोकांच्या कामाला काही धोका तर नाही?"

ताई, नमस्कार. पहिलं सांगा, ती काढलेली रॅम फेकली तर नाही ना? नसेल फेकली तर नवीन घ्यायच्या आधी तिला एक संधी द्या, कारण मेली म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी रॅम नुसत्या मळलेल्या निघाल्या. आपल्याकडची धूळ साधी नसते, कापसाचं बारीक तूस असते, सोयाबीन काढणीच्या दिवसात तर हवाच पिवळी होते, ते सगळं पंख्यातून आत ओढलं जाते आणि सोनेरी पट्ट्यांवर बसते, वरून कूलरची ओल. कॉम्प्युटर बंद करा, मागून पॉवरची वायर काढूनच टाका, मग समोरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅमला हात लावा, तोही कडेनं. पोरांच्या कंपासमधला पांढरा खोडरबर घ्या, त्या सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूनं हलक्या हातानं घासा, चुरा कोरड्या फडक्यानं पुसा. स्लॉट नव्या कोरड्या टूथब्रशनं साफ करा, तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. आता ती एकटीच रॅम पहिल्या स्लॉटमध्ये लावून पाहा, मग दुसऱ्या. मग जी चांगली आहे ती पण दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीनं लावून पाहा. चांगली रॅम एखाद्या स्लॉटमध्ये बीप देत असेल तर दोष रॅमचा नाही, बोर्डाचा आहे, आणि मग तुम्ही कितीही महागाची रॅम आणली तरी तिथं ती चालणार नाही. ही खात्री न करता पैसे खर्च करू नका.

अजून एक. लाइनच्या झटक्यानं रॅम गेली असेल तर ती एकटीच गेली असं धरून चालू नका. बोर्डावर प्रोसेसरच्या आजूबाजूला जे छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात त्यांची टोपी फुगली आहे का, त्यातून तपकिरी चिकट काही आलंय का ते टॉर्च लावून पाहा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडते त्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, हार्डवेअर मॉनिटर म्हणून पान असते, तिथं १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या मधे पाहिजे, बाहेर दाखवत असेल तर मीटर लावून तपासून घ्या आणि एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, आधी बदला, नाहीतर नवीन रॅम पण त्याच वाटेनं जाईल. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत जा, जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं राहते.

आता हँग होण्याबद्दल. २ जीबीत विंडोजच जेमतेम मावते, त्यातून तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक पण स्वतःसाठी थोडी रॅम कापून घेते, वरून क्रोमचे आठ-दहा टॅब, पीडीएफ, स्कॅनर. जागा संपली की विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागलं की परत आणते. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला शंभर नॅनोसेकंदाच्या आत वेळ लागते, फिरणाऱ्या हार्ड डिस्कला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे लाख पटीच्या वरचा फरक. तुमच्या सेंटरवर माणूस अंगठा देऊन उभा आहे आणि गोल चक्र फिरून राहिलं आहे ते ह्यामुळे. रॅम हळू आहे म्हणून नाही, रॅम कमी आहे म्हणून. भाच्याच्या आणि माझ्या बोलण्यात फरक आहे तो इथंच. १८६६ ची का असेना, २ जीबी ती २ जीबीच, आणि १३३३ ची ८ जीबी घेतली तर तो डिस्कवरचा खेळच बंद होते.

म्हणून घ्यायचं काय, तर ४ जीबीच्या दोन, डीडीआर३ (तुमच्या बोर्डाला लागणारी रॅमची पिढी), डेस्कटॉपच्या, १.५ व्होल्टच्या, १३३३ किंवा १६०० च्या, आणि दोन्ही सारख्या. शक्यतो एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या. एवढंच लिहून दुकानदाराला दाखवलं तरी चालते. ८-८ जीबीच्या दोन घेतल्या तरी एच६१ झेपवते, १६ जीबी ही त्याची हद्द आहे, पण तुमच्या कामाला ८ पुरतात आणि वाचलेल्या पैशात एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपांवर चालणाऱ्या डिस्कची सुरुवात होते, त्याचं पुढं बोलतो.

रॅमच्या स्टिकरवर एक बारीक ओळ असते ती वाचायला शिका, त्यात सगळी कुंडली असते. उदाहरणार्थ '४जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू'. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६०० म्हणजे १३३३ चीच रॅम, १२८०० लिहिलं असेल तर १६००, कारण कुठं मेगाहर्ट्झचा आकडा लिहितात तर कुठं सेकंदाला किती मेगाबाइट जातात तो, घोळ करू नका. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. यू असेल तर साधी डेस्कटॉपची, हीच पाहिजे. एस असेल तर लॅपटॉपची, ती आखूड असते, २०४ पिनची, आपल्या २४० पिनच्या स्लॉटमध्ये बसणारच नाही. आर असेल तर सर्व्हरची, आणि इथं लोक फसतात, कारण सर्व्हरमधून काढलेली रॅम ऑनलाइन लय स्वस्त मिळते, दिसायला तशीच, स्लॉटमध्ये बसते पण बरोबर, आणि कॉम्प्युटर चालू होत नाही. तुमच्या बोर्डावर ती कधीच चालणार नाही, कितीही घासा.

दुसरा फसवा माल म्हणजे फक्त एएमडीसाठी असलेली रॅम. वर लिहिलं ना २आर×८, त्यातला आठ हा एका चिपची रुंदी सांगते. ह्या एएमडीवाल्या रॅममध्ये त्या जागी चार असते, चिपची मांडणीच वेगळी, काही एएमडी बोर्ड ती ओळखतात, इंटेलचे नाही ओळखत. जाहिरातीत कुठंतरी बारीक अक्षरात एएमडी लिहिलेलं असते आणि भाव पाहून माणूस ते वाचतच नाही. तुमचा प्रोसेसर इंटेलचा आहे ताई, त्या वाटेला जाऊ नका.

व्होल्टेजचं पण पाहा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते. स्टिकरवर पीसी३एल लिहिलं असेल तर ती १.३५ वाली, पण ती १.५ वर पण चालेल अशीच बनवलेली असते, त्यामुळे मिळाली तर घ्यायला हरकत नाही. गेमिंगवाल्या रंगीत पत्र्याच्या काही रॅम मात्र आपला लिहिलेला वेग १.६५ व्होल्टवरच देतात. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी इंटेलनं १.५ च सांगितलं आहे. आणि रॅमला माल पोचवणारा कंट्रोलर आता बोर्डावर नसते, प्रोसेसरच्या पोटातच असते, म्हणून रॅमला जास्त व्होल्टेज दिलं की मार प्रोसेसरला पण बसते. रॅम गेली तर रॅम बदलता येते, प्रोसेसर गेला तर अख्खं सेंटर बंद.

आता तुमच्या भाच्याच्या १८६६ बद्दल. पोराला शिकायची हौस आहे हे लय चांगलं, त्याला रागावू नका. पण त्यानं ज्या बोर्डाचं पाहिलं असेल तो तुमचा बोर्ड नाही. आय५-२४०० हा २०११ चा, सँडी ब्रिज पिढीचा प्रोसेसर, त्याच्यासाठी रॅमचा अधिकृत वेग १०६६ आणि १३३३ एवढाच. ह्याच प्रोसेसरला पी६७ किंवा झेड६८ चा बोर्ड असता तर १६००, १८६६, अगदी २१३३ पर्यंत आकडा निवडता आला असता. एच६१ मध्ये तो पर्यायच बंद करून ठेवला आहे. तुम्ही १६०० ची लावा, १८६६ ची लावा, हा बोर्ड ती १३३३ वरच चालवणार. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन वेगाची रॅम आणायची आणि ती आयुष्यभर कमी वेगानं चालवायची. नुकसान काही होत नाही, पण फायदा पण काहीच नाही. म्हणून मी १३३३ किंवा १६०० जी स्वस्त आणि चांगल्या अवस्थेत मिळेल ती घ्या म्हटलं.

एक खूणगाठ बांधून ठेवा. रॅम लावल्यावर भाचा सीपीयू-झेड नावाचा फुकटचा प्रोग्राम उघडेल आणि त्यात मेमरीच्या पानावर ६६५ किंवा ६६७ असा आकडा दिसेल, तेव्हा दुकानदारानं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माल देते, म्हणून ६६७ चं दुप्पट १३३३. बरोबरच आहे. यवतमाळवरून एक माणूस ह्याच कारणानं तावातावानं माझ्याकडे रॅम घेऊन आला होता, त्याला कागदावर गुणाकार करून दाखवला तेव्हा शांत झाला.

खरा वेग तुम्हाला जोडीतून मिळणार आहे, फुकटात. एका रॅमची वाट ६४ बिटची, म्हणजे एका वेळी ८ बाइट, १३३३ ला आठनं गुणलं की सेकंदाला साधारण १०.६ जीबी. दोन सारख्या रॅम दोन स्लॉटमध्ये लावल्या की दोन वाटा उघडतात आणि तोच आकडा २१.३ होते. विहिरीवर एक पाइप होता, दुसरा टाकला, तसं. आता तुलना करा, एकाच रॅमचा वेग ओव्हरक्लॉक करून १३३३ चा १६०० केला असता तरी १२.८ च झाला असता. तुमच्याकडे ग्राफिक कार्ड वेगळं नाही, पडदा रंगवायचं काम पण ह्याच रॅममधून होते, म्हणून तुमच्यासारख्या मशीनला दोन पाइपचा फायदा जास्तच. ८ ची एक घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवण्यापेक्षा ४-४ च्या दोन घ्या असं मी सांगून राहिलो ते ह्यासाठी. आणि जुनी २ ची ठेवून तिच्याशेजारी नवीन ४ ची लावायचा विचार असेल तर तेही चालते, इंटेल त्यातले दोन अधिक दोन जोडीनं चालवते आणि उरलेले दोन एकट्या पाइपवर, पण मग ६ जीबीच होतात आणि जुन्या-नव्याची कुरकुर मागे लागू शकते. अडचण असेल तर तात्पुरतं करा.

१६०० आणि १३३३ मध्ये अजून एक बारकी गोष्ट आहे, ती भाच्याला दाखवा, त्याला आवडेल. रॅमवर सीएल म्हणून एक आकडा असते, मागणी केल्यापासून पहिला माल येईपर्यंत किती ठोके जातात तो. १३३३ ची रॅम सीएल ९ वर चालते, तिचा एक ठोका दीड नॅनोसेकंदाचा, म्हणजे साडेतेरा नॅनोसेकंद. १६०० ची साधी रॅम सीएल ११ ची असते, ठोका सव्वा नॅनोसेकंदाचा, म्हणजे पावणेचौदा. वेग वाढला पण पहिला थेंब यायला तेवढाच वेळ, उलट थोडा जास्तच. म्हणून नुसता मोठा आकडा पाहून रॅम घेणारा माणूस अर्धंच वाचते.

तुमचा शेवटचा प्रश्न, लोकांच्या कामाला धोका आहे का, तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. हाव ताई, आहे. तुमच्या बोर्डावर रॅमचा आकडा वाढत नसला तरी भाचा दुसरीकडून प्रयत्न करेल, म्हणजे बेस क्लॉक, बोर्डाचं मूळ घड्याळ. तो १०० मेगाहर्ट्झ असते, त्याला १०४-१०५ करायचं. ह्या पिढीत त्या एकाच घड्याळावर हार्ड डिस्कचं, कार्डाच्या स्लॉटचं सगळ्यांचं गणित बांधलेलं आहे, एक हलवलं की सगळं हलते, आणि डिस्कवर लिहिताना चूक झाली तर फाइल जाते. मिळणार काय तर चार-पाच टक्के, जे तुम्हाला डोळ्यानं दिसणार पण नाही. त्याला हात लावू देऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

माझ्यासोबत काय झालं ते सांगतो, कारण रॅमची चूक कशी असते ते लोकांना माहीतच नसते, त्यांना वाटते चूक झाली तर निळा पडदा येईल आणि कळेल. माझ्याकडे एक बोर्ड होता ज्यात रॅमचा वेग वाढवता यायचा. डिसेंबरात, थंडीत, रात्री दोन वाजेपर्यंत बसून मी एक सेटिंग बसवली, रात्रभर टेस्ट लावली, एक चूक नाही. पाच महिने मशीन सुंदर चाललं. मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न झालं, कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो मी ह्याच मशीनवर उतरवले, कार्ड लगेच दुसऱ्या कार्यक्रमाला पाहिजे होतं म्हणून फॉरमॅट केलं. आठवड्यानं फोटो उघडले तर कितीतरी फोटो अर्ध्यापर्यंत बरोबर आणि खाली राखाडी पट्टा, काही फोटोंचे रंगच फाटलेले. पाठवणीचे फोटो त्यातच होते. कुठं काही एरर आला नव्हता, कॉपी पूर्ण झाली असंच मशीननं सांगितलं होतं. काकूला ते सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. आणि तुमच्याकडे तर लोकांच्या विम्याचे आकडे, खाते नंबर, पोरांच्या सह्या असतात.

काऊन झालं तसं, तर रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक लहानसा विजेचा साठा, आणि तो पाझरते, आपल्या मातीच्या रांजणासारखा. म्हणून रॅमला प्रत्येक साठा दर ६४ मिलिसेकंदाच्या आत पुन्हा भरून घ्यावा लागते, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, कॉम्प्युटर चालू आहे तोवर अखंड. चिप जेवढी तापते तेवढा पाझर वाढते, चिपचं तापमान ८५ अंशाच्या वर गेलं तर दुप्पट वेळा भरायचा नियमच आहे. थंडीत काठावर टिकलेली सेटिंग उन्हाळ्यात काठाच्या बाहेर जाते. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जाते, टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि बंद कॅबिनेटच्या आत त्याच्याही पुढं. महागाच्या सर्व्हर रॅममध्ये चूक पकडणारा जास्तीचा बिट असते, आपल्या साध्या रॅममध्ये तो नसते, म्हणून चूक गुपचूप होते आणि गुपचूप डिस्कवर जाऊन बसते.

भाच्याला मात्र नाराज करू नका. त्याला सांगा, शिक, पण ह्या मशीनवर नाही. जुन्या बाजारात, नागपूरला बर्डीवर किंवा अमरावतीला चौकशी केली तर पी६७, झेड६८, झेड७७ चा एखादा बोर्ड मिळून जाते, किंवा एएमडीच्या ए सिरीजचा, ज्यात ग्राफिक प्रोसेसरमध्येच आहे. ह्या एएमडीवाल्यात खरंच मजा आहे, २०१२ चा ए१०-५८०० के अधिकृतपणेच १८६६ ची रॅम घेते आणि त्याचं ग्राफिक रॅमच्या वेगावरच जगते, तिथं वेग वाढवला की गेममध्ये डोळ्याला दिसते. तिथं त्यानं असं करावं: आधी सगळं मूळ सेटिंगवर ठेवून टेस्ट करावी, म्हणजे रॅम मुळातच चांगली आहे हे कळते. रॅमच्या आत कंपनीनं लिहून ठेवलेलं एक्सएमपी प्रोफाइल असेल आणि त्यातलं व्होल्टेज प्रोसेसरला चालण्यासारखं असेल तर आधी तेच लावावं, ते त्या रॅमवर तपासलेलं असते. त्याच्या पुढं जायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वेग एक पायरी वर, मग टेस्ट, मग सीएल एकनं कमी, पुन्हा टेस्ट, प्रत्येक वेळी वहीत तारीख आणि आकडे लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं तर कोणामुळे ते शोधता येत नाही. मशीन चालूच झालं नाही तर घाबरायचं नाही, वायर काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, पाच-दहा मिनिटं काढून ठेवायचा, बायोस मूळ जागेवर येते. आणि शेवटची टेस्ट जानेवारीतल्या पहाटे नाही, मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, कूलर बंद करून घ्यायची. तिथं टिकली तरच ती सेटिंग टिकली म्हणायची. मी त्या वेळी हे केलं असतं तर बहिणीचे फोटो राहिले असते.

तुमच्या नवीन रॅमची पण टेस्ट करायचीच आहे, ओव्हरक्लॉक नसला तरी, कारण जुन्या बाजारातली रॅम घेणार तुम्ही. मेमटेस्ट८६ प्लस हा फुकटचा प्रोग्राम आहे, भाच्याकडून पेन ड्राइव्हवर टाकून घ्या, पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला की तो विंडोजच्या आधीच सुरू होते. ८ जीबीची एक फेरी व्हायला तास-दीड तास धरा, चार फेऱ्या होऊ द्या. रात्री लावून झोपायचं, पण गावठाण फीडरवर त्या रात्री लाइन राहणार आहे का ते पाहून, लहान यूपीएस रात्रभर पुरत नाही. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम परत करा. एकच आहे, चालून जाईल, असं म्हणू नका. दुकानदाराकडून घेतानाच आठ दिवसांच्या आत बदलून देण्याचं पावतीवर लिहून घ्या. जुनी काढलेली रॅम घ्यायला मला काही वाईट वाटत नाही, हार्ड डिस्कसारखी ती फिरून झिजत नाही, टेस्टला पास झाली की वर्षानुवर्षं चालते.

बसवताना खाच जुळवा, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ सगळ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, उलटी किंवा चुकीची असेल तर जोर लावूनही बसत नाही, आणि जोर लावायचाच नाही. सरळ उभी धरून दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबा, दोन्हीकडच्या कड्या टक् करून मिटल्या पाहिजे. त्यानंतर विंडोज किती बिटचं आहे ते पाहा. ३२ बिटचं असेल तर ८ जीबी लावूनही त्याला सव्वातीन-साडेतीनच वापरता येतात आणि तुम्ही मला शिव्या द्याल. ६४ बिट टाकून घ्या, पण आधी तुमच्या अंगठ्याच्या मशीनचा आणि प्रिंटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळते का ते पाहून घ्या. अजून विंडोज ७ वर असाल तर क्रोमची १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती होती, पोर्टल नीट उघडत नसतील तर त्याचं एक कारण ते पण असेल, रॅम बिचारीचा दोष नाही.

एसएसडीचं म्हटलं होतं. रॅमनंतर जे पहिले पैसे हातात येतील ते त्यात टाका, २४० जीबीची साटावाली (हार्ड डिस्कच्याच वायरला लागणारी), विंडोज त्यावर आणि जुनी हार्ड डिस्क फाइली ठेवायला. एच६१ वर साटा जुन्या वेगाचाच आहे, ३ गिगाबिटचा, तरी हार्ड डिस्कच्या मानानं मशीन ओळखू येणार नाही. ओव्हरक्लॉकमधून भाच्याला जे 'नव्यासारखं' पाहिजे होतं ना, ते ह्या दोन गोष्टींतून येते.

बाकी वाचकांपैकी ज्यांच्याकडे ह्याहून जुनं, कोअर २ ड्युओवालं, जी४१ बोर्डाचं मशीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही ताईंचं वाचून ४ जीबीची कोणतीही रॅम आणू नका. जी४१ ला दाट चिपा, म्हणजे एकाच चिपेत जास्त मेमरी कोंबलेल्या, ओळखता येत नाहीत, ४ जीबीच्या रॅमवर दोन्ही बाजू मिळून १६ चिपा असतील तीच चालते, ८ चिपांची ४ जीबी चालत नाही. मोजून घ्या. जी३१ असेल तर ती डीडीआर२ आणि जास्तीत जास्त ४ जीबी, तिच्यावर आता पैसे टाकू नका.

ताई, कूलरचं राहिलं. कॉम्प्युटर त्याच्या झोताच्या समोरून हलवा. ताट्यांतून आलेली ओली हवा आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार आत जाऊन त्याच सोनेरी पट्ट्यांवर बसते ज्या आपण घासल्या. माणसाला झोत लागू द्या, कॅबिनेट बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढं, जमिनीपासून उचलून ठेवा, आणि त्याच्या मागचा पंखा मोकळा राहू द्या.

आणि नवीन दोन लावल्यावर जी २ जीबीची चांगली रॅम उरेल ती कोणाला देऊन टाकू नका. नवीन रॅम ज्या पिशवीत आली त्यात घालून टेबलाच्या खणात ठेवा. पुन्हा कधी अवकाळीत लाइन ये-जा झाली आणि सकाळी बीप सुरू झाला, बाहेर लोकांची रांग आहे, तर दोन्ही काढून ही एकटी लावायची. पाच मिनिटांत कळते रॅम गेली की बोर्ड, आणि तोपर्यंत सातबारा तरी निघते.